‘सासरे सांगतात’ हा संदर्भ नाही

टेबलावर बावन्न पत्ते होते. त्यांतले एक्कावन्न लाल पाठीचे आणि एक निळ्या पाठीचा, कारण मूळ जोडातली चौकटची सत्ती दोन वर्षांपूर्वी सोफ्याच्या पोटात गेली होती आणि सोफा उसवायला सासूबाईंची परवानगी नव्हती. ज्याच्या हातात निळी पाठ त्याच्याकडे चौकटची सत्ती, हे चौघांनाही दिसत असे. तरी प्रत्येक जण ती दुसऱ्या पत्त्याआड लपवत असे. खुर्च्या पाच, खेळाडू चार. पाचव्या खुर्चीवर गुणांची वही घेऊन बायको. चष्मे चार, त्यांपैकी दोन सासऱ्यांचे. खिडक्या दोन, पंखा एक. इतके सगळे मोजता आले. खेळाचे नियम किती, हे मात्र त्या खोलीतल्या कुणालाच सांगता आले नसते.

बायको म्हणजे जावईबापूंची बायको. जावईबापू हे त्यांचे घरातले नाव. बाहेर ते वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. दुकानातला काटा पाच ग्रॅमने खोटा असेल तर तो त्यांना दारातून कळतो, अशी त्यांची ख्याती होती. ती अर्थात अतिशयोक्ती होती. त्यांना काट्याजवळ जावे लागे.

खेळाचे नाव ‘आडवा हात’. तो या इमारतीच्या पहिल्या मजल्याखेरीज जगात कुठेही खेळला जात नाही. चार जण, प्रत्येकाला तेरा पत्ते, प्रत्येक जण स्वतःसाठी. हात जिंकला की एक गुण. उतारी करताना, म्हणजे हाताचा पहिला पत्ता टाकताना, आधी ‘आडवा!’ असे म्हणून जिंकला की तो हात टेबलावर आडवा ठेवायचा आणि दोन गुण घ्यायचे. म्हणून हरला की वजा दोन. पाच डावांची बेरीज, आणि ज्याची जास्त तो त्या रविवारचा विजेता. ऐकायला सोपे आहे. जावईबापूंनाही लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ते सोपेच वाटले होते.

त्याला सहा वर्षे आणि दोन महिने झाले. आजारपणे, पाहुणे आणि सासऱ्यांचे मोतीबिंदू वगळता एकूण दोनशे एकाहत्तर रविवार खेळ झाला. सासरे दोनशे तीनदा जिंकले, समोरच्या घरातले छापखानेवाले काका सदतीस वेळा, सासूबाई एकतीस वेळा. जावईबापू एकदाही नाही. डोळे मिटून पत्ते टाकले असते तरी चौथा हिस्सा, म्हणजे अडुसष्टच्या आसपास विजय पदरात पडायला हवे होते. एकही पडत नाही म्हटल्यावर यात नशिबाचा संबंध नाही हे त्यांनी कागदावर सिद्ध केले होते.

संबंध नियमांचा होता. नियम आधी कुणी सांगत नसे. जावईबापूंनी मोडला की तो जन्माला येई.

“आडवा!” म्हणून त्यांनी इस्पिकचा एक्का टाकावा, हात जिंकावा, तो आडवा ठेवायला बोटे पुढे करावीत आणि सासऱ्यांनी चष्मा बदलावा.

“जावईबापू, पंखा चालू आहे.”

“मग?”

“पंखा चालू असताना शेवटचा हात आडवा होत नाही.”

“हे कधी ठरलं, बाबा?”

“ठरायचंय काय त्यात? पत्ते उडतात.”

सासरे पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. कोणत्या भागाला किती वाजता पाणी सोडायचे हे त्यांनी चौतीस वर्षे ठरवले होते, आणि लोक बादल्या घेऊन त्यांच्या वेळेला उभे राहिले होते. अशा माणसाला ‘हे कधी ठरलं’ असे विचारायचे नसते.

एका रविवारी जावईबापूंचा सलग चौथा आडवा हात रद्द झाला, कारण ते तो जिंकताना खोकले होते. (“खोकला ही खूण असते.” “कुणाला खूण, बाबा? मी एकटाच खेळतोय!”) त्या दिवशी जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी जाताना त्यांनी निश्चय केला. नियम लिहून काढायचे.

“वहीत लिही की,” बायको म्हणाली.

“वही तुझ्या वडिलांच्या कपाटात असते.”

“मग तुझ्या कपाटात ठेव.”

“मग ते म्हणतील, ती तुमची वही.” ते एक पायरी थांबले. “जिथं त्यांचंही चालत नाही आणि माझंही, अशा जागी लिहायला पाहिजे.”

अशी जागा त्यांना दुसऱ्या दिवशी सापडली. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, जो हजारो लोक पगार न घेता लिहितात आणि ज्यात कुठल्याही गोष्टीवर शांत, त्रयस्थ, कुणाचीच बाजू न घेणारा लेख मिळतो. जावईबापू वर्षानुवर्षे त्यात धातूंची घनता बघत आले होते. तिथे लिहिलेल्या गोष्टीवर सासरेसुद्धा हुज्जत घालत नसत. तिथे कुणीही लिहू शकतो, हे जावईबापूंना माहीत होते आणि त्यांना ते सोयीचे वाटले. ‘कुणीही’ या शब्दात आपल्याखेरीज आणखी कोण कोण मावते, याचा हिशेब त्यांनी केला नाही. काटे तपासणाऱ्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती.

घरात सांगताना त्यांनी वेगळा सूर लावला. “बाबा, हा खेळ जगापुढे यायला हवा.”

सासऱ्यांनी दोन्ही चष्मे काढले. “मी हेच वीस वर्षं म्हणतोय.”

तीन संध्याकाळी मुलाखती झाल्या. सासऱ्यांनी एकोणीस नियम सांगितले. छापखानेवाल्या काकांनी चौदा. सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, “तुम्हीच लिहा हो काय ते. मी आपली पत्ते टाकते.” सासरे आणि काका यांच्यात सात नियम जुळले, पाच एकमेकांच्या उलट निघाले आणि उरलेले एकमेकांना ऐकूनही माहीत नव्हते. खोकल्याचा नियम काकांच्या मते फक्त शिंकेला होता.

मंगळवारी जावईबापूंनी लेख चढवला. अकराशे चाळीस शब्द, उपशीर्षके पाच, पत्त्यांच्या मांडणीची आकृती एक. नियमांपुढे ‘सासरे सांगतात’, ‘शेजारी सांगतात’ असे प्रामाणिकपणे नोंदवले होते. मग ते चहा गाळायला उठले आणि कप घेऊन परत आले, तेवढ्यात लेखात सव्वीस ठिकाणी निळ्या अक्षरांत ‘संदर्भ हवा’ असे उगवले होते.

ते उगवविणारीचे नाव होते ‘टाचणी’. ज्ञानकोशात लोक टोपणनावाने वावरतात. टाचणी म्हणजे बाई की बुवा, तरुण की म्हातारी, हे शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. लोकांनी नवे काही लिहिले की ते तपासायचे, हे काम तिने आपणहून अंगावर घेतले होते. लेखाच्या चर्चापानावर तिची सूचना होती:

‘नमस्कार. ज्ञानकोशात आपले स्वागत आहे. “सासरे सांगतात” हा विश्वासार्ह संदर्भ नाही.’

जावईबापूंनी हे वाक्य तीनदा वाचले. चहावर साय आली. सहा वर्षे दोन महिन्यांत हे प्रथमच कुणीतरी म्हटले होते, आणि तेही लेखी. वास्तविक त्यांचा लेख अडचणीत आला होता, पण बायको खोलीत आली तेव्हा ते हसत होते.

“पास झाला का?”

“नाही. नापास झालाय. हे बघ, कसं लिहिलंय.”

टाचणीला छापील संदर्भ हवा होता. खेळणाऱ्यांशी संबंध नसलेल्या कुणीतरी लिहिलेला. ही बातमी जिन्यातून खाली जाईपर्यंत तिचा दुसरा अर्धा भाग गळला आणि ‘छापील’ एवढेच छापखानेवाल्या काकांपर्यंत पोचले.

“अहो, मग सांगायचं नाही का!” काका म्हणाले. “छापील म्हणजे मीच की.” काकांचा छापखाना बंद होऊन आठ वर्षे झाली होती, पण एक लहान यंत्र आणि कागदाची काही रिमे त्यांच्या मागच्या खोलीत होती, आणि दोन्हींना काम नव्हते.

“पण काका, संबंध नसलेल्या माणसानं...”

“माझा काय संबंध? मी समोर राहतो.”

चार दिवसांत सोळा पानी पुस्तिका निघाली. जावईबापूंच्या लेखाचा मजकूर खरे तर बारा पानांचाच होता. पण काकांच्या हिशेबात कागदाला घड्या घातल्यावर पाने चाराच्या नाही, आठाच्या पटीत पडत होती, आणि कोरी पाने सोडणे हा त्यांच्या धंद्यात गुन्हा होता. त्यामुळे शेवटच्या चार पानांवर सहा नियम आले, जे कुणीच कधी ऐकले नव्हते. त्यांतला एक असा की, सर्वांत वयाने मोठ्या शेजाऱ्याला दर डावात एक पत्ता बदलून मिळतो.

जावईबापूंनी मन घट्ट करून पुस्तिकेचा संदर्भ दिला. टाचणीचे उत्तर चाळीस मिनिटांत आले.

‘या पुस्तिकेचे लेखक, मुद्रक, प्रकाशक आणि खेळाडू एकाच मजल्यावर राहतात काय? कृपया खुलासा करावा.’

“लेखक वरच्या मजल्यावर राहतात, असं लिहा,” सासरे म्हणाले. “माहिती बिनचूक असावी.”

तोवर पुढचा रविवार आला. संदर्भ असो वा नसो, लेख अजून जागेवर होता. जावईबापूंनी मोबाईल पत्त्यांशेजारी उभा करून ठेवला, लेख उघडा. तिसऱ्या डावात त्यांनी ‘आडवा!’ म्हटले, किल्वरचा राजा टाकला आणि हात जिंकला. पंखा बंद होता. कुणी खोकले नव्हते. त्यांनी तो हात आडवा ठेवला आणि सासऱ्यांकडे पाहिले.

सासरे अगदी शांत होते. “नियम अकरा बघून घ्या,” ते म्हणाले.

“नियम अकरा पत्ते वाटण्याबद्दल आहे, बाबा. मी लिहिलाय.”

“बघून तर घ्या.”

नियम अकरा असा होता: ‘राजाने केलेली उतारी आडवी धरत नाहीत, कारण राजा उभाच शोभतो.’ ज्ञानकोशात प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कुणी काय कधी बदलले ते त्यात मिनिटासकट राहते. जावईबापूंनी तो उघडला. बदल सहा मिनिटांपूर्वीचा होता. करणाऱ्याचे नाव: ‘पाणीपुरवठा३४’. बदलाचे कारण: ‘सुधारणा.’

सहा मिनिटांपूर्वी सासरे हात धुवायला गेले होते.

“बाबा, हे तुम्ही केलंत!”

“कुणीही करू शकतो म्हणे. तुम्हीच तर सांगितलंत.”

जावईबापूंनी तिथल्या तिथे बदल उलटवला. सासऱ्यांनी टेबलाखाली मोबाईल धरून तो परत आणला. काका म्हणाले, “थांबा, मलाही नाव घ्यायचंय,” आणि ‘खिळेजुळारी’ नावाने सर्वांत मोठ्या शेजाऱ्याला बदलून मिळणारा पत्ता लेखात घुसवला. सासूबाईंना कुणी विचारले नाही, पण थोड्या वेळाने इतिहासात ‘सुईदोरा’ नावाची एक व्यक्ती दिसू लागली. ती कुठल्याही नियमाला हात लावत नव्हती, फक्त बाकीच्यांची वाक्ये संपली की पूर्णविराम देत होती. बायकोने वही मिटली.

ज्ञानकोशात एक शिस्त आहे: एका दिवसात एका माणसाने दुसऱ्याचे बदल तीनदाच उलटवावेत. चौथ्यांदा उलटवले की शिक्षा. ही शिस्त भांडणे थांबवण्यासाठी आहे. पहिल्या मजल्यावर तिचा उपयोग वेगळा झाला. सासऱ्यांनी दोन उलटवण्या पहिल्या अर्ध्या तासात वापरल्या आणि तिसरी जपून ठेवली. जावईबापूंच्या तिन्ही संपून गेल्यावर, शेवटच्या डावाच्या शेवटच्या हाताला, त्यांनी ती हुकमाच्या एक्क्यासारखी टाकली. या खेळात हुकूम नाही. सासरे सत्तावीस गुणांनी जिंकले.

“याला म्हणतात हातात काहीतरी राखून खेळणं,” ते काकांना म्हणाले.

पुढचे तीन रविवार असेच गेले. पत्ता टाकला की समोरून ‘संदर्भ हवा!’ अशी आरोळी येई. काका हरले की ‘लेख एकांगी आहे’ म्हणत. लेखाच्या चौऱ्याण्णव आवृत्त्या झाल्या. एका आवृत्तीत खेळाचा उगम सासऱ्यांच्या आजोबांपर्यंत गेला होता, पुढचीत तो काकांच्या छापखान्यात आला, त्यापुढचीत जावईबापूंनी उगमाचे प्रकरणच काढून टाकले. बदलाची कारणे वाचण्यासारखी होती. ‘वडिलकीचा मान ठेवावा.’ ‘ज्ञानकोशात वडिलकी नसते.’ ‘असायला हवी.’ ‘जेवायला वाढलंय.’ हे शेवटचे सुईदोराचे होते.

मग एका बुधवारी जावईबापू दुपारी जेवणाच्या सुटीत लेख उघडायला गेले, तर पानाला कुलूप होते. आणि त्यांच्या नावावर शिक्का: ‘प्रवेश स्थगित’.

चौघांच्याही नावांवर तो होता. कारण खाली दिले होते. पाणीपुरवठा३४, खिळेजुळारी, सुईदोरा आणि खुद्द जावईबापू हे चौघे एकाच इंटरनेट जोडणीवरून, एकाच लेखावर, बहुधा रविवारी चार ते सातच्या दरम्यान लिहितात. सबब ही चार माणसे नसून एकच माणूस आहे आणि त्याने चर्चेत आपली संख्या वाढवण्यासाठी खोटी नावे घेतली आहेत, असा दाट संशय.

जोडणी एकच होती हे खरे. राऊटर जिन्यात होते आणि त्यावर तीन घरे चालत. एका टाकीतून तीन नळ काढावेत तसे सासऱ्यांनी ते बसवून घेतले होते. पण संशय जिव्हारी लागायचा तो लागलाच. चौदा वर्षांच्या नोकरीत जावईबापूंनी खोट्या मापांबद्दल शेकडो लोकांना नोटिसा दिल्या होत्या. त्यांना स्वतःला कधी एकही आली नव्हती. आता त्यांच्यावर आरोप होता की, ते स्वतःच स्वतःची सासू आहेत.

“कचेरीत कळलं तर?” ते बायकोला म्हणाले.

“काय कळणार? की तू पूर्णविराम देतोस?”

स्थगित माणसाला फक्त एकाच पानावर लिहिता येते: आपली बाजू मांडण्याच्या. जावईबापूंनी तिथे चार परिच्छेदांचे निवेदन लिहिले. टाचणीने उत्तर दिले, ‘असे निवेदन एकच व्यक्ती चार नावांनीही लिहू शकते. चौघे वेगळे असल्याचा काही पुरावा?’

सल्ल्यांना तोटा नव्हता. काका म्हणाले, चौघांनी हातात आजचे वर्तमानपत्र धरून फोटो काढावा. तळमजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, प्रतिज्ञापत्र करा, मी शिक्का देते, पण ‘मी माझी सासू नाही’ असं प्रतिज्ञापत्र मी आजवर केलं नाही, मसुद्याला दोन दिवस लागतील. जावईबापू दोन दिवस थांबायला तयार होते. सासरे नव्हते. त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणीही त्यांचे पाणी तोडले नव्हते.

गुरुवारी सकाळी त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. जावईबापूंनी ती नंतर वाचली.

‘महोदय किंवा महोदया, मी आणि सदर इसम एक नाही. सदर इसम माझे जावई आहेत. स्वभावाने सज्जन, पण पत्त्यांत गती नाही. आम्ही दर रविवारी एकमेकांविरुद्ध खेळतो. मागील सर्व रविवारांचे निकाल सोबत जोडले आहेत. ते पाहून आपली खात्री पटावी. आपला विश्वासू.’

सोबत वह्यांच्या पानांचे फोटो होते. तिन्ही वह्या. पहिल्या रविवारपासून. जावईबापूंच्या रकान्याखाली बायकोच्या वळणदार अक्षरात एकेक बेरीज.

टाचणीने दीड दिवस घेतला. तिने बहुधा सगळी पाने पाहिली, कारण तिच्या निकालात तीन ठिकाणच्या बेरजेच्या चुकाही होत्या. पुढे लिहिले होते: ‘एकाच व्यक्तीने स्वतःला इतक्या सातत्याने, सहा वर्षे, एकदाही अपवाद न करता हरवणे संभवत नाही. चौघे वेगळे असल्याचे मान्य. स्थगिती उठवली आहे.’

“सुटलात की नाही!” सासऱ्यांनी जिन्यातूनच हाक दिली. “जावईबापू, माझ्यामुळे सुटलात!”

जावईबापू तसेच कामावर गेले आणि त्या दिवशी त्यांनी एका दुकानातला काटा अकरा वेळा तपासला. काटा बरोबर होता.

स्थगिती उठली, पण त्याच निकालाच्या खाली टाचणीने लेख वगळण्याचा प्रस्ताव ठेवला होता. खेळ चार माणसे खेळतात, त्याबद्दल बाहेरच्या कुणी काही लिहिलेले नाही, सबब तो ज्ञानकोशात नको. चर्चेला सात दिवस. ज्याला वाटेल त्याने ‘ठेवावा’ किंवा ‘वगळावा’ लिहून कारण द्यावे.

सासऱ्यांनी लिहिले: ठेवावा. काकांनी लिहिले: ठेवावा, पण पुस्तिकेप्रमाणे. कुठूनसे दोघे अनोळखी आले, त्यांनी एका ओळीत ‘वगळावा’ लिहिले आणि ते फुलपाखरांवरच्या लेखांकडे निघून गेले. जावईबापूंनी बारा ओळींचे कारण दिले. त्यात खेळाचे सामाजिक महत्त्व होते. पाचव्या दिवशी एक नवे नाव आले, ‘गुणलेखक’.

‘वगळावा. मी या खेळाचे गुण लिहिते. गेले पाच रविवार एकही डाव धड झालेला नाही. सगळे मोबाईलमध्ये बघतात.’

“तूसुद्धा?” जावईबापू म्हणाले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. “मग काय खोटं लिहू? तिथं खोटं चालत नाही, तूच म्हणालास.”

“तुला कळतंय का, हा लेख गेला की परत पंखा आला, खोकला आला!”

“अरे, तो लेख आहे तरी काय झालं? राजा उभा शोभतो, हे आलं ना?” तिने टॉवेल झटकला. “खरं सांग. तुला जगापुढे आणायचाय हा खेळ?”

जावईबापूंनी एक मोजा उचलला आणि त्याचा जोडीदार शोधू लागले. “एकदा,” ते म्हणाले, “फक्त एकदा मला जिंकून बघायचंय. नियमानं. नाहीतर हरून. पण तेही नियमानं. मला कळायला पाहिजे की मी हरतो की मला हरवतात.”

बायकोने हातातली घडी खाली ठेवली. “हे बाबांना सांगितलंस कधी?”

“हे काय सांगायचं असतं?”

“टाचणीला तरी सांग,” ती म्हणाली. तिने ते थट्टेत म्हटले होते.

जावईबापूंनी ते खरेच लिहिले. चर्चेच्या तळाशी, आपल्या बारा ओळी खोडून, दोनच ओळी: ‘माझा पहिला मुद्दा मागे घेतो. मला या खेळाचे पक्के नियम हवे होते, आणि ते ठरवणारा घराबाहेरचा कुणी मला सापडला नाही. लेख वगळण्यास हरकत नाही.’

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लेख गेला. त्या जागी ‘या नावाचा लेख अस्तित्वात नाही’ एवढे उरले. नियम, आकृती, आजोबा, राजा, सगळे गेले. खालच्या मजल्यावर सासरे बराच वेळ तेच पान पुन्हा पुन्हा उघडत बसले होते, असे सासूबाई म्हणाल्या.

पण जावईबापूंच्या नावाच्या पानावर एक निरोप होता.

‘निर्णयासाठी मला लेखाच्या सर्व चौऱ्याण्णव आवृत्त्या वाचाव्या लागल्या. त्यांत एकूण एकेचाळीस नियम आढळले. त्यांपैकी अडतीस कुणी ना कुणी, कधी ना कधी काढून टाकलेले आहेत. तीन नियमांना चौघांपैकी कुणीही, एकदाही हात लावलेला नाही. ते खाली देत आहे. हे ज्ञानकोशाचे मत नाही. ही केवळ मोजणी आहे. — टाचणी.

एक. चौघांना तेरा तेरा पत्ते. उतारीच्या रंगातला मोठा पत्ता हात घेतो.
दोन. हाताला एक गुण. उतारी करताना “आडवा” म्हणून घेतला तर दोन, म्हणून गमावला तर वजा दोन.
तीन. पाच डावांची बेरीज. ज्याची जास्त तो जिंकला.’

जावईबापूंनी ते कचेरीतल्या यंत्रावर छापले आणि रविवारी चार वाजता टेबलावर ठेवले. सासऱ्यांनी आधी एका चष्म्याने वाचले, मग दुसऱ्याने.

“तीनच?”

“तीनच.”

“पंखा?”

“काकांनी काढला होता, बाबा. चोविसाव्या आवृत्तीत.”

सासऱ्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी छताकडे.

“आणि तुम्ही माझा पत्ता काढलात,” काका म्हणाले. “तीनदा.”

“हात लावलेला नाही, म्हणजे मीही नाही?” सासऱ्यांनी विचारले.

“तुम्हीही नाही.”

सासऱ्यांनी कागद उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. “चौऱ्याण्णव आवृत्त्या वाचल्यात,” ते म्हणाले. “पगार नाही, काही नाही. आमच्या खात्यात असा एक माणूस असता ना, तर गळती थांबली असती.” मग त्यांनी कागद घडी करून मुलीकडे दिला. “वहीत डकव.”

“नक्की, बाबा?”

“नक्की म्हणजे? मोजून काढलंय ते. वाटा पत्ते.”

सासूबाईंनी पिसले. मोबाईल चारही जणांनी शेजारच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवले. पंखा चालू होता. कुणी त्याबद्दल बोलले नाही. दुसऱ्या डावात जावईबापू दोनदा खोकले, दोन्ही वेळा दचकून थांबले, आणि सासूबाई म्हणाल्या, “टाका हो, काही होत नाही.” तिसऱ्या डावात सासऱ्यांनी बदामच्या राणीवर ‘आडवा!’ म्हटले आणि सासूबाईंनी राजा ठेवला. सासऱ्यांनी तोंड उघडले. वहीवर डकवलेल्या कागदाकडे पाहिले. मिटले.

“वजा दोन,” बायको म्हणाली.

“कळतंय मला.”

चौथ्या डावात जावईबापू ईर्ष्येला पेटले आणि पाच वेळा ‘आडवा!’ म्हणाले. पाचव्या डावात सासरे सहा वेळा म्हणाले. सासूबाई मात्र नेहमीसारख्या पत्ते टाकत होत्या, फक्त आता त्यांचे घेतलेले हात परत मागायला कुणापाशी नियम नव्हता. सात वाजून दहा मिनिटांनी शेवटचा पत्ता पडला. बायकोने दोनदा बेरीज केली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, आणि वाचून दाखवली.

सासूबाई तेहतीस. छापखानेवाले काका बावीस. जावईबापू वजा तीन. सासरे वजा चार.